औद्योगिक रबरे व पॉलियुरेथेने

औद्योगिक रबरे व पॉलियुरेथेने : ताणले वा दाबले असता मोठ्या प्रमाणात विरूपित होणाऱ्या आणि भार काढताच जवळजवळ मूळ आकारात परतणाऱ्या बहुवारिकांचे (लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या संयुगांचे) हे दोन प्रमुख गट होत. पट्टे, रूळ, चाके, मुद्रा, धक्काशोषके, पुलांचे आधार, पादत्राणांचे तळवे इत्यादींसाठी दोन्ही वापरतात. त्यामुळे त्यांतील कोणता गट अधिक चांगला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोणत्या कामासाठी, हे ठरविल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

संरचना : चिकापासून मिळणारे नैसर्गिक रबर कच्च्या स्थितीत उष्णतेने मऊ व चिकट आणि थंडीने ताठर होते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकासह तापवून त्याचे गुणधर्म स्थिर करण्याची व्हल्कनीकरणाची कृती शोधून काढली. या क्रियेत लांब रेणुसाखळ्यांमध्ये गंधकाचे आडबंध तयार होतात व ते कायमचे असतात. स्टायरीन-ब्युटाडाइन, नायट्राइल, क्लोरोप्रीन, एथिलीन-प्रोपिलीन इ. संश्लिष्ट रबरांतही आडबंध निर्माण करावेच लागतात.

पॉलियुरेथेनाचा शोध ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे लावला. आयसोसायनेट व पॉलिऑल (अनेक हायड्रॉक्सिल गट असलेले संयुग) यांच्या विक्रियेने ते बनते. त्याच्या साखळीत मऊ व कठीण असे खंड एकाआड एक असतात. मऊ खंडांमुळे लवचिकपणा येतो, तर कठीण खंड एकत्र येऊन सूक्ष्म बेटे बनवितात. ही बेटे आडबंधांचे काम करतात व भरणद्रव्याप्रमाणे बळकटीही देतात. रबराला बळकटी आणण्यासाठी बहुधा काजळी मिसळावी लागते. पॉलियुरेथेनाला तिची गरज नसते. म्हणूनच रबरी वस्तू सामान्यतः काळ्या, तर पॉलियुरेथेनाच्या वस्तू पारभासक वा हव्या त्या रंगाच्या आढळतात.

बल व कठिनता : नैसर्गिक रबराचे ताणबल साधारणपणे २० ते ३० मेगॅपास्काल असते. ताणल्यावर त्याच्या साखळ्या एका दिशेत येऊन स्फटिकरूप होतात, हे त्याचे कारण होय. स्टायरीन-ब्युटाडाइन रबरात असे घडत नाही; काजळीविना त्याचे ताणबल २-३ मेगॅपास्कालच भरते व काजळीने ते २० च्या आसपास जाते. पॉलियुरेथेनाचे ताणबल बहुधा ३० ते ५५ मेगॅपास्काल असते.

रबराची कठिनता वाढवावयाची, तर भरणद्रव्य वाढवावे लागते व तसे केल्यास त्याची ताणक्षमता घटते. ९० शोअर-ए कठिनतेचे रबर ताठर व कमी ताणले जाणारे असते. तितक्याच कठिनतेचे पॉलियुरेथेन मूळ लांबीच्या चार-पाच पटींनी लांबू शकते. त्यामुळे तोच भार लहान आकारमानाच्या वस्तूवर पेलता येतो. गोदामांतील माल उचलणाऱ्या गाड्यांची चाके पॉलियुरेथेनाची असतात, ती यामुळेच.

झीज : घासून होणाऱ्या झिजेस पॉलियुरेथेन फार चांगला विरोध करते. मात्र तीक्ष्ण कण वेगाने आणि काटकोनात आदळत असतील, तर मऊ नैसर्गिक रबर अनेकदा सरस ठरते, कारण ते आघाताची ऊर्जा सामावून घेऊन कणास परत उडविते. वाळूमिश्रित पाणी उपसणाऱ्या पंपांना रबराचे अस्तर लावण्याची प्रथा म्हणूनच टिकून आहे.

उष्णता : विरूपणाच्या प्रत्येक आवर्तनात पदार्थ काही ऊर्जा उष्णतेच्या रूपात गमावतो. नैसर्गिक रबरात हा व्यय अल्प असतो. जाड पॉलियुरेथेनी चाक मोठ्या भाराखाली वेगाने फिरविल्यास त्याचा गाभा तापतो. उष्णता बाहेर पडण्यास वाव नसल्याने कठीण खंडांची बेटे मऊ होतात आणि बाहेरून धड दिसणारे चाक आतून निकामी होते. मुंबईतील विलेपार्ल्यास लागून असलेल्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी जेट विमानाचे स्तब्ध चाक ताशी सुमारे २५० किमी. वेगाने जाणाऱ्या धावपट्टीशी क्षणार्धात जुळते. अशा विमानांच्या टायरांत नैसर्गिक रबराचे प्रमाण आजही मोठे आहे. ओतीव पॉलियुरेथेनाचे मोटारींचे टायर बनविण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात झाले. परंतु ते प्रचारात येऊ शकले नाहीत.

दीर्घकालीन वापरासाठी नैसर्गिक रबर व पॉलियुरेथेन दोन्ही सुमारे ८०° से. पर्यंत योग्य असतात. त्यापुढे एथिलीन-प्रोपिलीन (सु. १३०° से.) आणि सिलिकोन रबर (सु. २००° से.) यांचा आश्रय घ्यावा लागतो.

तेल व ओझोन : नैसर्गिक रबर तेलात व चरबीत फुगते. नायट्राइल रबर व पॉलियुरेथेन यांवर त्यांचा परिणाम अल्प होतो. विलेपार्ले येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या व २०१६ मध्ये बंद पडलेल्या पार्ले कारखान्यामुळे बिस्किटनिर्मिती हा या उपनगराच्या ओळखीचा भाग झाला. या उद्योगात फिरत्या साच्याच्या यंत्रात रबराने मढविलेला रूळ कापडी पट्टा साच्यावर दाबतो व स्निग्ध कणीक साच्यातून पट्ट्यावर उतरते. येथे रुळाला दबणारे, पण तुपा-तेलाने न फुगणारे आवरण लागते. कच्चा माल व तयार बिस्किटे वाहून नेणाऱ्या पट्ट्यांना पॉलियुरेथेनाचा लेप देतात. भट्टीतील पट्टा मात्र पोलादीच असतो, कारण २००° से. हून अधिक तापमानात यांपैकी एकाचाही निभाव लागत नाही.

नैसर्गिक रबराच्या साखळीतील द्विबंधांवर हवेतील अत्यल्प ओझोनही हल्ला करतो व ताणलेल्या भागावर आडव्या भेगा पडतात. पॉलियुरेथेन व एथिलीन-प्रोपिलीन यांच्या मुख्य साखळीत असे द्विबंध नसतात. क्लोरोप्रीनमधील द्विबंधांना क्लोरीनमुळे बरेच संरक्षण मिळते. पुलांच्या आधारांसाठी क्लोरोप्रीन निवडण्याचे हे एक कारण आहे. ३० मी. लांबीची काँक्रीट तुळई तापमान ३०° से. ने वाढल्यास सुमारे १ सेंमी. लांबते. रबराचे थर व पोलादी पत्रे आलटून पालटून जोडलेला आधार उभ्या भाराखाली फारसा दबत नाही. परंतु आडवा सहज सरकून ही हालचाल सामावून घेतो.

दमट हवेचा परिणाम : कोकणपट्टीच्या हवामानात ही बाब सर्वांत महत्त्वाची ठरते. पॉलियुरेथेनाचे पॉलिएस्टर व पॉलिईथर असे दोन मुख्य प्रकार आहेत. पॉलिएस्टर प्रकार अधिक बळकट व तेलरोधी असतो. पण त्यातील एस्टर बंध पाण्याच्या वाफेने तुटतात (जलीय विच्छेदन). तुटल्यावर उत्पन्न होणारे अम्ल हीच क्रिया आणखी जलद करते. मुंबईत पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांहून अधिक असते. कपाटात जपून ठेवलेल्या, क्वचितच वापरलेल्या बुटांचा तळवा काही वर्षांनी एकाएकी भुगा होऊन गळतो, तो बहुधा याच कारणाने. वापराने झीज होते, हा सामान्य अनुभव येथे लागू पडत नाही. गोदामात साठविलेले यंत्रांचे सुटे भागही असेच निकामी होतात. पॉलिईथर प्रकार पाण्यास चांगला विरोध करतो. म्हणून सतत ओल असलेल्या जागी तोच वापरावा लागतो. बहुतेक रबरांना पाण्यापासून असा धोका नसतो.

निर्मिती व सुरक्षितता : रबर मळून, साच्यात दाबून बहुधा १४०° ते १६०° से. तापमानास पक्के करतात. त्यासाठी जड यंत्रे लागतात. ओतीव पॉलियुरेथेन द्रवरूपात साच्यात ओतता येत असल्याने थोड्या नगांचे उत्पादन लहान कार्यशाळेतही शक्य होते. या सुलभतेत धोका आहे. आयसोसायनेटांच्या वाफेने दम्याचा विकार जडू शकतो. घनीकरणासाठी वापरण्यात येणारे ‘मोका’ हे द्रव्य आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवास निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केले आहे. ते त्वचेतूनही शरीरात जाते. म्हणून वायुवीजन व हातमोजे यांची आवश्यकता असते. पूर्ण विक्रिया झालेल्या तयार वस्तूत मुक्त आयसोसायनेट उरत नसल्याने तिच्यापासून असा धोका संभवत नाही.

व्हल्कनित रबर वितळवून पुन्हा घडविता येत नाही. ओतीव पॉलियुरेथेनाचीही बहुधा तीच स्थिती असते. ऊष्मामृदू पॉलियुरेथेन मात्र पुन्हा वितळविता येते.

निवड : केवळ ताणबल वा कठिनता यांच्या आकड्यांवरून निवड करणे फसवे ठरते. घासणारी झीज, मोठा भार व तेल असेल तेथे पॉलियुरेथेन. वेगवान आवर्ती विरूपण व आघात असेल तेथे नैसर्गिक रबर. ऊन व ओझोन यांस सतत तोंड द्यावयाचे असेल तेथे क्लोरोप्रीन वा एथिलीन-प्रोपिलीन, असा स्थूल नियम सांगता येतो. पॉलियुरेथेन मागविताना ते पॉलिएस्टर आहे की पॉलिईथर, हे नमूद करणे कठिनतेचा आकडा नमूद करण्याइतकेच आवश्यक असते.