सातबारा नसलेल्या घराचे वाईट दिवस

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीला दूरदूरच्या तांड्यांतून माणसे येतात आणि गाव फुलून जाते. यात्रा उठली की उरतो तो वैशाख. वावरात काम नसते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत निघणारही नसते. तांड्यातला गोरमाटी असो की या भागातला बौद्ध मजूर, ज्याची कमाई फक्त दोन हातांवर, त्याचा हिशेब सारखाच.

इथली बहुतेक शेती पावसावरची. कापूस, तूर, सोयाबीन. निंदण, सोंगणी, वेचणी चालते तोवर नवरा-बायको दोघांच्या हाताला रोज असतो. पऱ्हाटीची उलंगवाडी झाली की तो संपतो. मग मुकादमाची उचल घेऊन कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. म्हातारी घर राखते आणि पोराची शाळा मधेच तुटते. बाबासाहेबांनी १९१८ सालीच, लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात, शेतीवर अडकून पडलेल्या रिकाम्या हातांकडे बोट दाखवले होते. ते हात आजही रिकामे आहेत.

वाचकहो, घरात आजी असेल तर तिला १९७२ चा दुष्काळ विचारा. ती रेशनच्या लाल मिलोची भाकर सांगेल, कामावर मिळालेली सुकडी सांगेल, खडी फोडून हातांना आलेले फोड सांगेल. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, रस्ते, बांध ही त्यांच्या घामाची कामे. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे.

त्या काळाने एक मोलाची गोष्ट मागे ठेवली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगलीकडच्या विसापूरला मजुरांना काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. त्याआधी, १९७५ साली, तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर लागू झाला. ज्यांचा मुलगा शहरात नोकरीला आहे, त्यांनी त्याच्या पगारपत्रकात ही कपात पाहावी. मागेल त्याला काम, आणि बाई-माणसाला सारख्या दराने मजुरी. ही कुणाची मेहरबानी नव्हती, हक्क होता. पुढे २००५ साली केंद्रानेही ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा केला.

आता दुसरी बाजू पाहा. कापसाचे गणित बिघडले, विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, तेव्हा जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. वाशीम त्यात होता. २००८ साली देशभर आणि २०१७ साली राज्यात कर्जमाफी झाली. शेतकऱ्याला ती हवीच होती. पण कर्जमाफी बँकेच्या वहीवरून होते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला बँक पीककर्ज देत नाही. मग माफ काय होणार? त्याचे कर्ज मुकादमाकडे, किराणा दुकानात, नाहीतर सावकाराकडे. शेतकऱ्याचे पीक बुडाले की पंचनामा होतो, मजुराचे बुडालेले दिवस कुणी मोजत नाही.

म्हणूनच कामाची मागणी तोंडी करून चालत नाही. सरपंचाला रस्त्यात गाठून ‘काही काम असेल तर सांगा’ म्हटले, तर त्याची नोंद कुठेच राहत नाही. कायद्यांची नावे आणि दिवसांचे आकडे बदलत असतात. कागदाची किंमत बदलत नाही. अर्ज लेखी द्यावा, चार-पाच घरांनी मिळून द्यावा आणि तारीख घातलेली पोच मागून घ्यावी. काम मागूनही मिळाले नाही, हे त्या पोचेवरूनच सिद्ध करता येते. कामावर गेल्यावर आपली हजेरी घरच्या वहीत रोज लिहावी. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्यावे. हजेरीपटात दिवस कमी भरला, तर ती वही कामी येते.

माय-बहिणींनी आपली मजुरी आपल्याच खात्यात घ्यावी आणि पासबुक आपल्याजवळ ठेवावे. बाहेरगावी जावेच लागले, तर रेशनकार्डाचा नंबर सोबत न्यावा. धान्य आता दुसऱ्या गावीही उचलता येते. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी, म्हणजे पोराचे वर्ष वाया जाणार नाही. आणि मुकादमाकडून उचल घेताना किती घेतली, किती फिटली, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवावे. वाईट दिवस सरतात, पण न लिहिलेली उचल पुढच्या हंगामातही फिटत नाही.