भीती कोणाची, हाकललं कोणाला?

मुंबई बायकांसाठी सुरक्षित, हे वाक्य ऐकतच इथल्या पिढ्या वाढल्या. शेवटच्या लोकलने बाई एकटी घरी येते, हा त्याचा नेहमीचा दाखला. २००५ च्या एप्रिलमध्ये या विश्वासाला मरीन ड्राइव्हवर तडा गेला. भर दिवसा, वाहत्या रस्त्याच्या कडेला असलेल्या पोलीस चौकीत एका पोलीस शिपायाने एका तरुण मुलीवर बलात्कार केला. गुन्हेगार खाकी वर्दीतला होता, आणि तरीही मुलींच्या कपड्यांवर बोलणारे निघालेच. त्याच वर्षी सरकारने डान्सबार बंद केले. नैतिकतेच्या नावाखाली रात्री कमावणाऱ्या बायकांचीच रोजीरोटी गेली. ती बंदी घटनेत बसत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करेपर्यंत २०१३ उजाडलं.

दरम्यान २०११ मध्ये शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ आलं. या तिघींनी मुंबईतच अभ्यास करून एक अवघड गोष्ट स्पष्ट मांडली: मध्यमवर्गीय बाईच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून फेरीवाले, परप्रांतीय मजूर, मुसलमान तरुण यांना रस्त्यावरून दूर सारलं जातं, आणि बाईलाही घरीच बसायला सांगितलं जातं. काही काम नसताना नुसतं रेंगाळण्याचा हक्क सगळ्यांनाच हवा, ही त्यांची मागणी. मला ती आजही शंभर टक्के पटते.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका छायाचित्रकार पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. संताप योग्यच होता. पण आरोपी कुठले, कोणत्या वस्तीतले, याचीच चर्चा रंगली. महालक्ष्मीसारख्या मोक्याच्या ठिकाणी एवढी मोठी जागा वर्षानुवर्षं अंधारात का पडून राहिली, हे फार थोड्यांनी विचारलं. देशात नोंद होणाऱ्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारी आकडे दरवर्षी सांगतात. आपण मात्र अनोळखी गरिबालाच घाबरत राहिलो.

पुढे २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पूल रेल्वेचा, रोष आला फेरीवाल्यांवर. स्टेशनापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं उच्च न्यायालयानेही म्हटलं. चालायला वाट हवी हे खरंच. पण रात्री अकराला स्टेशनाबाहेर पडणाऱ्या बाईला विचारा, भाजीवालीची टोपली आणि वडापावच्या गाडीवरचा दिवा तिला किती आधार देतो.

बायकांनी स्वतः काय मागितलं होतं? २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ची मोहीम उभी राहिली, कारण मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे घेतले जात. दिवे, स्वच्छतागृहं, रात्रीच्या बसगाड्या आणि २०१४ च्या कायद्याप्रमाणे फेरीवाल्यांना हक्काची जागा: नगरसेवक मत मागायला दारात आला, की त्याच्याकडे या चार गोष्टी मागा.