खोका हलवून बघा

जून-जुलैत सायकलच्या दुकानात गेलात तर रिकामा खोका मागायला आलेली माणसं हमखास भेटतात. नवी सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते, तो एरवी दुकानदाराला अडगळ. पण मनाली ते लेह सायकलवर जायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाला विमानासाठी तोच लागतो. खोका मागताना आणखी एक वस्तू मागून घ्यावी. नव्या सायकलच्या पुढच्या चिमट्यात, चाकाच्या जागी, प्लास्टिकचा एक आडवा तुकडा अडकवलेला असतो. चाक काढल्यावर चिमट्याची दोन टोकं मोकळी पडतात आणि वरून वजन आलं की आत दबतात. ते या तुकड्याने टळतं. दुकानात तो केरात जातो.

सुरुवात पेडलपासून. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, कारण चालवता चालवता ते आपोआप सैल होऊ नये. उजवं-डावं लक्षात ठेवायच्या भानगडीत न पडता पान्ह्याचा दांडा वर ठेवून मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही पेडलं सुटतात. आमच्या दुकानातले मेकॅनिककाका सीट खाली घेण्याआधी तिच्या दांड्याला चिकटपट्टीचा वेढा देतात, म्हणजे उंची पुन्हा शोधत बसावं लागत नाही. हँडल काढून वरच्या नळीशी समांतर बांधायचं. केबलला घडी पडत नाही ना, एवढं पाहायचं.

खरी काळजी मागच्या गिअरची. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, तो हँगर मुद्दाम नरम धातूचा करतात. धक्का बसला की तो वाकावा आणि सायकलची फ्रेम वाचावी, हा हेतू. रस्त्यावर ही सोय चांगली आहे, पण खोक्यात तोच भाग सगळ्यात बाहेर येतो. खोका त्या कुशीवर पडला की हँगर वाकतो आणि मग गिअर काही केल्या नीट बसत नाहीत. म्हणून डिरेलर सोडवायचा, फोममध्ये गुंडाळायचा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधायचा. एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम यासाठी उत्तम. फ्रेमच्या नळ्यांनाही तोच घालावा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर दोन्ही पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सारायची. चाक नसताना ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना भिडतात आणि नंतर डिस्क आत शिरायला तयार होत नाही.

बाहेरच्या धक्क्यांची लोक फार धास्ती घेतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त नुकसान आतून होतं: सुटं पेडल रंग खरवडतं, चाकाचा ॲक्सल पुठ्ठा फोडून बाहेर येतो. खोका बंद केल्यावर उचलून हलवावा. खुळखुळ्यासारखा आवाज आला तर तो पुन्हा उघडावा. ‘ही बाजू वर’ असे बाण काढा, पण खोका आडवा पडणारच असं धरून बांधा.

टायरमधली हवा काढा, असं विमान कंपन्या सांगतात. सामानाच्या कप्प्यातला दाबही केबिनइतकाच राखलेला असतो. तो शून्यावर आला तरी टायरला बाहेरच्यापेक्षा आतून सुमारे १५ पौंडच जास्त जाणवतील, तेवढ्याने धडका टायर फुटत नाही. तरीही काउंटरवर पदार्थविज्ञान शिकवू नये. बरीचशी हवा सोडावी, रिम जमिनीला लागणार नाही इतकी ठेवावी.

हत्यारांच्या पिशवीची मात्र वाटणी करावी लागते. ॲलन की, पान्हे, मल्टिटूल खोक्यात. हातात ठेवले तर सुरक्षा तपासणीत जातात. पॉवर बँक उलट हातातच हवी, आणि चार्ज होणारे दिवेही तिच्यासोबतच ठेवावेत. पंक्चरचं सोल्युशन ज्वालाग्राही असतं, ते घरीच ठेवावं आणि न चिकटवता लावायचे पॅच घ्यावेत. चेन साफ करायचा स्प्रेही नको.

डोंगरी सायकल तेरा-चौदा किलोची, खोका आणखी काही किलोंचा, आणि देशांतर्गत तिकिटावर सामान बहुधा १५ किलो. कपडे खोक्यात कोंबले की गादी छान होते आणि जादा वजनाचे पैसेही तसेच भरावे लागतात.

महागडी टणक पेटी घ्यावी का? घरून निघून त्याच गावी परतणार असाल तर जरूर. मनालीहून निघून लेहला पोहोचणाऱ्याने ती पेटी ठेवायची कुठे? त्याला पुठ्ठाच बरा. परतीचा खोका लेहमध्ये मिळवावा लागतो. तिथे सायकली भाड्याने देणारी दुकानं आहेत, पोहोचल्याच दिवशी विचारून ठेवावं. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. विरळ हवेत विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागतं, त्यामुळे जड सामान मागे राहू शकतं. औषधं आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे खोक्यात ठेवू नका. तपासणीत खोका उघडायला लावतात, तेव्हा चिकटपट्टीचं एक रीळ हाताशी असू द्या. आणि सायकल नेण्याची परवानगी तिकीट काढतानाच लेखी घ्या, तिची छापील प्रत जवळ बाळगा. काउंटरवरच्या माणसाला सायकलचा नियम ठाऊक असतोच असं नाही.