लोकसंख्येवर सिनॉप्सिस लिहिताय? आधी वर्ध्याचे आकडे बघा

पीएच.डी.साठी विषय शोधताना सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: वाढती लोकसंख्या आणि मर्यादित साधनसंपत्ती ही देशापुढील गंभीर समस्या आहे. वाक्य चूक नाही, पण संशोधनाच्या कामाचंही नाही. कुठली लोकसंख्या, कोणत्या काळातली, कोणतं साधन, यातलं काहीच त्यातून कळत नाही. म्हणून आज एकच जिल्हा घेऊ, वर्धा.

२००१ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १२,३६,७३६ होती. २०११ मध्ये ती १३,००,७७४ झाली. दहा वर्षांत वाढ साधारण ५ टक्के. त्याच दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. आता ७० चा नियम लावून बघा: ७० ला वार्षिक वाढीच्या टक्केवारीने भागलं की लोकसंख्या दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील याचा अंदाज येतो. राज्याची वार्षिक वाढ सुमारे १.५ टक्के, म्हणजे ४७ वर्षं. वर्ध्याची सुमारे ०.५ टक्के, म्हणजे १४० वर्षं. हे भाकीत नव्हे हं, फक्त वेग समजून घ्यायची युक्ती आहे. पण ‘विस्फोट’ हा शब्द वर्ध्याला लावायचा असेल तर गाईडसमोर जपून लावा.

मग वर्ध्यात कुटुंबनियोजन फार यशस्वी झालं, असं म्हणायचं का? लगेच नाही. एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या चार गोष्टींनी बदलते: जन्म, मृत्यू, आत येणारे आणि बाहेर जाणारे. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर आहे, पुणे-मुंबईची गाडी रोज आहे. विशीतली मुलं-मुली शिक्षणाला नि नोकरीला निघून गेली की त्यांची पुढची अपत्यंही दुसऱ्या जिल्ह्याच्या हिशेबात जातात. त्यामुळे वाढीचा दर आणि प्रजनन दर यांची गल्लत करू नका.

प्रजनन दर म्हणजे टीएफआर: आजच्या वयोनिहाय जन्मदरांप्रमाणे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील तो आकडा. साधारण २.१ ला पिढी बदलते पण वाढत नाही. (नेमकं २ का नाही? मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, आणि काही मुली आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत.) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा असा येतो: १९९२-९३ मध्ये २.९, १९९८-९९ मध्ये २.५, २००५-०६ मध्ये २.१, २०१५-१६ मध्ये १.९, २०१९-२१ मध्ये १.७.

ही ओळ पुन्हा वाचा, कारण खरी गंमत इथे आहे. महाराष्ट्राने पंचायतींसाठी दोन अपत्यांची अट आणली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायत सदस्यत्वाला अपात्र. पुढे २००५ च्या लहान कुटुंब नियमांनी राज्य सरकारच्या नोकरीलाही तीच अट लागली. सभा-भाषणांत या कायद्यामुळे जन्मदर उतरला असं सहज सांगितलं जातं. पण अटीआधीच्या सहा वर्षांत टीएफआर ०.४ ने उतरला होता, आणि त्यानंतरच्या सात वर्षांतही ०.४ नेच उतरला. उतार आधीपासून चालू होता आणि अटीनंतर तो जास्त तीव्र झालेला दिसत नाही. केरळ आणि तमिळनाडूत टीएफआर महाराष्ट्राच्याही आधी २.१ च्या खाली गेला, आणि तिथे पंचायतीसाठी अशी अट नव्हती. एवढ्याने कायदा निरुपयोगी ठरत नाही, पण ‘कायद्यामुळे’ हा शब्द लिहायचा हक्क आपल्याला मिळत नाही. धोरणाचा परिणाम मोजायचा असेल तर धोरण नसतं तर काय झालं असतं याची रेषा आधी काढावी लागते.

किंमत कोणी मोजली हे मात्र दिसतं. निर्मला बुच यांनी आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या राज्यांतल्या अशाच अटींचा अभ्यास केला. त्यात पद वाचवण्यासाठी बायकोला सोडणं, मूल आपलं नाही म्हणणं, गर्भलिंगनिवड असे प्रकार समोर आले. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. घटीचं खापर एकट्या या अटीवर फोडता येणार नाही, पण ‘दोनच’ आणि ‘एक तरी मुलगा’ हे दोन आग्रह एका घरात एकत्र आले की दबाव कुणावर येतो ते सांगायला नको.

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्यालाच आल्या होत्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत, सेवाग्राम अजून व्हायचं होतं. मुलं कमी असावीत आणि नवऱ्याला नाही म्हणायचा हक्क बाईला असावा, इथवर दोघांचं पटलं. साधनांवर बिनसलं: गांधीजींचा भर संयमावर, सँगर यांचा गर्भनिरोधकांवर. मुंबईत र. धों. कर्वे तर १९२१ पासून संततिनियमनाचं केंद्र चालवत होते. पुढे गांधीजींच्याच डॉक्टर सुशीला नायर १९६२ ते ६७ केंद्रीय आरोग्यमंत्री झाल्या. लूप त्यांच्याच काळात आला, आणि १९६६ मध्ये कुटुंबनियोजनाचा स्वतंत्र विभागही झाला. १९६९ मध्ये सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढणाऱ्याही त्याच.

आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही. त्या धसक्यानंतर पुरुष नसबंदी जी गेली ती परत आलीच नाही. ताज्या सर्वेक्षणात राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, पुरुष नसबंदी एक टक्काही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असून हे असं आहे. १९९६ मध्ये कागदावरची लक्ष्यं गेली, सवय राहिली.

आता ‘मर्यादित साधनसंपत्ती’कडे. शेतजमीन घ्या. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४. जन्मदर उतरूनही शेत का तुटतंय, हा प्रश्न कोणीही विचारेल. कारण २००० किंवा २०१० मध्ये सात-बाऱ्यावर नाव चढवणारे भाऊ जन्मले १९६०-७० च्या दशकांत, जेव्हा घरात चार-पाच मुलं असत. आजचा टीएफआर आणि आजची खातेफोड हे दोन वेगळ्या पिढ्यांचे आकडे आहेत. एकाच वर्षाच्या रकान्यात दिसले म्हणून त्यांचा सहसंबंध काढू नका. आजच्या १.७ चा परिणाम जमिनीवर दिसायला अजून तीसेक वर्षं जातील.

वर्ध्यावर काम करायचं असेल तर एक अडचण आधीच सांगतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हा फॅक्टशीटमध्ये टीएफआर नसतो, नमुना सर्वेक्षण योजना जिल्हापातळीवर तो देत नाही, आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही. मग उरते २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका. तिच्यात गावनिहाय शून्य ते सहा वयाची संख्या मिळते. तिचं एकूण लोकसंख्येशी प्रमाण काढलं तर आष्टी, कारंजा, समुद्रपूर, हिंगणघाट अशी तालुक्यांची ढोबळ तुलना होते. पण तरुण जोडपी बाहेर गेलेल्या गावातही हे प्रमाण कमीच दिसेल. ते तपासायला ग्रामपंचायतीचं जन्म रजिस्टर बघावंसं वाटेल, तर थांबा: जन्माची नोंद आई जिथे राहते तिथे नाही, बाळंतपण जिथे झालं तिथे होते. गावातलं बाळ सेवाग्राम किंवा सावंगीच्या दवाखान्यात जन्मलं असेल, तर ते गावच्या रजिस्टरमध्ये तुम्हाला सापडणार नाही. त्यासाठी आशाताईंकडची गरोदर मातांची यादी मागावी लागेल, आणि ती मागण्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्यावी लागेल.