संपर्क तुटला, पण कोणाचा?

चावी मालकाच्या घरात असताना दारातली मोटार निघून जाते, या बातमीचे आता कोणाला फारसे नवल वाटत नाही, आणि वाहनांच्या सायबर सुरक्षेचे नियम कडक करण्याची चर्चा सुरू झाल्यापासून तर अशा चोऱ्यांवर चित्रवाहिन्यांवर तासन्‌तास बोलले जाते. या चर्चेतून एक गोष्ट मात्र सहसा निसटते. चोर ज्या तारांमधून आत शिरतात, त्याच तारांमधल्या बिघाडांपायी गॅरेजांमध्ये धडधाकट सुटे भाग सर्रास बदलले जातात आणि ग्राहकांची बिले फुगतात. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मोटारीतली नियंत्रक मॉड्यूल्स एकमेकांशी कशी बोलतात आणि एकमेकांवर किती डोळे झाकून विश्वास ठेवतात.

इंजिन, गिअर, ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग आणि दारे-खिडक्या यांना स्वतंत्र छोटे संगणक असतात, हे सांगण्याची गरज आता उरलेली नाही. ते बोलतात कोणत्या रीतीने, हे मात्र समजून घ्यावे लागते, कारण पुढचे सारे निदान त्या रीतीवरच उभे आहे. ‘कॅन बस’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८३ पासून विकसित केली, फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील मोटार अभियंत्यांच्या परिषदेत ती मांडली गेली, आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती वापरात आली. हेतू साधा होता: प्रत्येक दोन यंत्रणांमध्ये वेगळी तार ओढत बसण्याऐवजी एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारा सर्व मॉड्यूल्सपाशी फिरवायच्या, आणि ज्याला जे सांगायचे असेल ते त्याने सर्वांना ऐकू जाईल असे सांगायचे. तारा शांत असताना दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट असतात. शून्य हा बिट पाठवताना ‘कॅन हाय’ ही तार साडेतीन व्होल्टपर्यंत चढते आणि ‘कॅन लो’ ही दुसरी तार दीड व्होल्टपर्यंत उतरते. ऐकणारे मॉड्यूल फक्त या दोहोंतला फरक मोजते, त्यामुळे अल्टरनेटरचा किंवा इग्निशनचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच उमटला की तो आपोआप वजा होतो. तारा पिळलेल्या असतात त्या याचसाठी. सेकंदाला पाच लाख बिट हा नेहमीचा वेग धरला, तर एक बिट अवघे दोन मायक्रोसेकंद टिकतो.

या रचनेत पाठवणाऱ्याचे नाव कोठेही नसते, आणि सारी मेख तेथेच आहे. प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असतो, पण तो क्रमांक संदेश कशाबद्दल आहे हे सांगतो, उदाहरणार्थ चाकांचा वेग किंवा इंजिनाचे फेरे. तो कोणी पाठवला हे सांगत नाही. दोन मॉड्यूल्स एकाच क्षणी बोलू लागली तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो आणि दुसरे मॉड्यूल निमूटपणे थांबून नंतर पुन्हा प्रयत्न करते. ऐकणाऱ्याच्या हाती तपासण्यासारख्या दोनच गोष्टी उरतात: आलेला संदेश वाटेत बिघडलेला नाही ना, आणि ठरलेला संदेश ठरलेल्या वेळात आला की नाही. १९८० च्या दशकातल्या अभियंत्यांना मोटारीच्या आतून कोणी खोटे बोलेल अशी शंका येण्याचे कारण नव्हते, आणि त्यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे ठरेल. तीच रचना पुढे चावीच्या ओळखीसारख्या कामाला जुंपणाऱ्यांना मात्र इतकी सवलत देता येणार नाही.

गॅरेजमधल्या स्कॅनरवर ‘यू’ या अक्षराने सुरू होणारे जे कोड दिसतात, ते बहुतांशी या दुसऱ्या तपासणीतून, म्हणजे संदेशाची वाट पाहून वेळ संपल्यावर, जन्माला येतात. यू०१०० म्हणजे इंजिन मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू०१०१ म्हणजे गिअर मॉड्यूलशी, यू०१२१ म्हणजे एबीएस ब्रेकच्या मॉड्यूलशी, यू०१४० म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी. कोडच्या वर्णनात ज्याचे नाव, तोच गुन्हेगार, असा समज करून ते मॉड्यूल मागवले जाते, बसवले जाते, आणि चार दिवसांनी तोच दिवा मीटरवर पुन्हा पेटतो. वस्तुतः असा कोड हा निकाल नसून साक्ष असते, आणि साक्षीचे मोल साक्षीदार कोण, किती आणि कोठे उभे होते यावर ठरते. एबीएसचा आवाज येत नसल्याची तक्रार इंजिन, गिअर, स्टिअरिंग आणि मीटर या चौघांनीही केली असेल, आणि स्कॅनरने हाक मारूनही एबीएस उत्तर देत नसेल, तर त्याचा विद्युत पुरवठा, त्याचे अर्थिंग, त्याच्याकडे जाणारी तारांची फांदी आणि शेवटी ते स्वतः, या क्रमाने शोध घ्यावा लागतो. तक्रार एकट्या स्टिअरिंगचीच असेल आणि बाकीचे सारे एबीएसला व्यवस्थित ऐकत असतील, तर दोष बोलणाऱ्यात नसून ऐकणाऱ्याच्या बाजूला असण्याचीच शक्यता अधिक. सर्वच मॉड्यूल्स सर्वांविरुद्ध तक्रार करत असतील, तर व्यक्तींना सोडून मुख्य तारांकडे वळावे. कोड आत्ताचा आहे की जुना, म्हणजे स्मृतीत राहून गेलेला, हेही पाहावे लागते. कारण बॅटरी उतरलेली असताना स्टार्टर मारला की व्होल्टेज कोसळून काही मॉड्यूल्स क्षणभर बंद पडतात, आणि एका अशक्त बॅटरीपायी डझनभर यू-कोड साठून राहतात. एवढे सारे वाचण्याऐवजी ‘कोड क्लिअर करून बघू’ असे म्हणणे म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसणे होय.

गप्प बसलेले मॉड्यूल मेलेलेच असते असेही नाही. प्रत्येक मॉड्यूल आपल्या चुकांचा हिशेब स्वतः ठेवते: पाठवताना चूक झाली की मोजणी आठने वाढते, संदेश नीट गेला की एकने उतरते, १२७ च्या वर गेली की ते मॉड्यूल इतरांचे संभाषण मोडणार नाही अशा सौम्य अवस्थेत जाते, आणि २५५ च्या पुढे गेली की स्वतःला तारांपासून तोडून घेते. या अखेरच्या अवस्थेला ‘बस-ऑफ’ म्हणतात. आपणच बिघडलो असू, तर इतरांचे बोलणे चालू राहावे म्हणून स्वतः गप्प व्हावे, असा हा विचार आहे, आणि एखाद्या सैल कपलरमुळे निरोगी मॉड्यूललाही हे मौन पत्करावे लागते.

या साक्षी नीट वाचल्या तर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण लंडनमध्ये घडले. वाहनांच्या सायबर सुरक्षेत काम करणारे इयन टेबर यांच्या टोयोटा आरएव्ही-४ या मोटारीचा पुढचा बंपर उचकटलेला आणि हेडलाइटची वायर ओढलेली आढळली तेव्हा तो कोणाचा तरी खोडसाळपणा वाटला. जुलै २०२२ मध्ये ती मोटारच गेली. मोटार हातात नसली तरी तिने चोरीच्या सुमारास नोंदवलेले दोष-कोड कंपनीच्या दूरस्थ सेवेमार्फत सर्व्हरवर पोहोचलेले होते. त्या यादीनुसार पुढचा कॅमेरा, हायब्रिड इंजिनाचे नियंत्रण अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक यंत्रणा एकाच वेळी निकामी झालेल्या दिसत होत्या. वर वर्णन केलेल्या घाईच्या रीतीने वाचले असते तर ती निव्वळ भंगारात काढण्याजोग्या मोटारीची यादी ठरली असती. टेबर यांनी ती वेगळ्या प्रकारे वाचली: यंत्रणा बिघडलेल्या नाहीत, त्यांचे आपसातले बोलणे विस्कटले आहे, आणि त्या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे कॅन बस.

तेथून माग काढत टेबर यांनी चोरांच्या बाजारात विकले जाणारे, अशा चोरीसाठीचे उपकरण मिळवले आणि केन टिंडेल या कॅन तज्ज्ञाच्या साथीने ते उलगडले. टिंडेल यांनी एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले त्याचे विवेचन या विषयातल्या कित्येक जाडजूड अहवालांपेक्षा वाचनीय आणि उपयुक्त आहे. उपकरण एका नामांकित बनावटीच्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले होते. आतल्या जोडलेल्या भागांची किंमत सुमारे दहा डॉलर, आणि विक्रीची किंमत पाच हजार युरोपर्यंत. हेडलाइटमध्येही आता मॉड्यूल असल्याने कॅनच्या तारा बंपरमागे, चोराच्या हाताच्या अंतरावर येतात. तेथे हे खोके जोडले की ते झोपलेल्या तारांना जागे करते आणि ‘चावी खरी आहे’ असा संदेश सेकंदाला सुमारे वीस वेळा पाठवू लागते. दोन जाळ्यांमध्ये बसलेले गेटवे मॉड्यूल तो संदेश इमानाने इंजिनाकडच्या तारांवर पोहोचवते, आणि संदेशावर नाव नसल्यामुळे तो खऱ्या चावी-मॉड्यूलचा नाही हे कोणाला कळण्याचा मार्गच नसतो. इतर मॉड्यूल्सनी आक्षेप घेऊन संदेश मोडू नये म्हणून खोक्यातला विद्युत भाग मुद्दाम बदललेला होता; तारांवरचे नेहमीचे दळणवळण त्यामुळे कोलमडले आणि टेबर यांना सापडलेले कोड उमटले. म्हणजे चोरीच्या खुणा चोरीच्या साधनानेच नोंदवल्या होत्या, फक्त त्या वाचणारा माणूस भेटावा लागला.

साक्षींवरून संशयाची जागा ठरली की पुढची परीक्षा विजेची, आणि ती बहुतेक वेळा साध्या मल्टिमीटरने होते. कॅनच्या मुख्य तारांच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध बसवलेला असतो, कारण त्याशिवाय संकेत टोकावर आपटून मागे परततात आणि पुढच्या बिटांत मिसळतात. बॅटरी सोडवून डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या तपासणी-सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजला, तर दोन्ही टोके मिळून ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक किंवा वाटेतली तार तुटलेली. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना टेकलेल्या. ४० आले तर कोणी तरी तिसरा रोध असलेले भलतेच मॉड्यूल बसवलेले. बॅटरी जोडून, मोटार चालू ठेवून मोजले तर कॅन हाय अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि कॅन लो किंचित खाली दिसते. एखादी तार शून्यावर चिकटली असेल तर ती बॉडीला लागली आहे, बारा व्होल्टवर असेल तर बॅटरीच्या तारेला. त्यानंतर एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जायचे आणि कोणता काढल्यावर तारा पुन्हा जिवंत होतात ते पाहायचे. मधूनच येणाऱ्या बिघाडाला मात्र ऑसिलोस्कोप लागतो, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि दोन मायक्रोसेकंदांचा दोष सरासरीत बुडून जातो. शिवाय अलीकडच्या बऱ्याच मोटारींत सॉकेटच्या या पिना गेटवेपाशीच संपतात, त्यामुळे तेथे आलेले निर्दोष ६० ओहम पलीकडच्या जाळ्यांबद्दल काहीच सांगत नाहीत. ही गोष्ट माहीत नसल्याने होणारी फसगत थोडीथोडकी नाही.

महाराष्ट्रातल्या मोटारींच्या बाबतीत संशयितांची यादी पावसाळा आणि उंदीर यांच्यापासून सुरू करायला हरकत नाही. तुंबलेल्या रस्त्यातून गेलेल्या मोटारीत गालिच्याखाली पाणी साचते, कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि तक्रार दोन-तीन महिन्यांनी, पाणी विसरले गेल्यावर उगवते. उंदराने कुरतडलेल्या तारा निदान दिसतात तरी. तिसरा संशयित माणूसच असतो: बाहेरून बसवलेला स्टिरिओ, मागचा कॅमेरा, रिमोट लॉक, जीपीएस ट्रॅकर, यांच्यासाठी तार छिलून मारलेला आणि चिकटपट्टी गुंडाळलेला जोड. तो जोड कॅनच्या तारांवर असेल आणि त्यात तारांचा पीळ उलगडला असेल, तर गोंगाट वजा होण्याची सोय त्या वीतभर जागेपुरती संपते.

या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही, पण त्या मोटारीचा वायरिंगचा नकाशा लागतो. रोध कोणत्या मॉड्यूलमध्ये आहे, फांदी कोठे फुटते, गेटवे कोणता, हे त्यावाचून कळत नाही, आणि अडवणूक नेमकी तेथेच होते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यामागे सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न देणे हेच कारण होते. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा निवडलेल्या क्षेत्रांत मोटारीही होत्या. कंपन्यांचा माहिती दडवण्याचा कल पाहता आता या वादात सुरक्षेचे कारण नव्याने पुढे केले जाईल, असे मानायला जागा आहे.

ते कारण पूर्णतः खोटे नाही. टिंडेल यांच्या मते खरा इलाज म्हणजे प्रत्येक संदेशावर गुप्त किल्लीने सांकेतिक सही करणे, जेणेकरून हेडलाइटच्या तारेवरून आलेला परका संदेश ओळखून टाकून देता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१५५ या नियमानुसार युरोपात जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना सायबर सुरक्षेची व्यवस्था सक्तीची झाली, आणि त्याच धर्तीवरचे भारतीय मानक एआयएस-१८९ हे पुण्याच्या एआरएआय संस्थेमार्फत प्रसिद्ध झाले आहे. सहीचे संदेश सर्वत्र आले की मात्र ‘संपर्क तुटला’ या तक्रारीचा एक नवाच प्रकार गॅरेजांपुढे येईल: रोध ६० ओहम, दोन्ही तारांचे व्होल्ट जेथल्या तेथे, ऑसिलोस्कोपवर संदेश स्वच्छ, आणि तरीही नव्याने बसवलेल्या मॉड्यूलचे बोलणे इतर मॉड्यूल्स मानत नाहीत, कारण त्याची किल्ली या मोटारीच्या किल्ल्यांशी जुळवलेली नाही. ती जुळवण्याची सोय कंपनीच्या सर्व्हरवर असेल, आणि तेथवर पोहोचण्याचा परवाना नाक्यावरच्या गॅरेजला कोणत्या अटींवर आणि किती शुल्कात मिळावा, हे सायबर सुरक्षेच्या नियमांबरोबरच लिहून काढावे लागेल.