साठ ओहम

माती उकरणाऱ्या कुठल्याही मोठ्या यंत्राला आपल्याकडे पोकलेन म्हणतात. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. ते ठाऊक नसल्यानं कुणाचं काही अडत नाही. मी इंजिनिअर नाही. गेली अकरा वर्षं गॅरेजांत बसून मिस्त्री लोक बिघाड कसा शोधतात, याची टिपणं ठेवतो. विजेचं जे थोडंफार कळतं, ते त्यांच्याकडून आणि रद्दीत मिळालेल्या मॅन्युअलांतून. त्या वह्यांतली ही एक नोंद.

माण तालुक्यात विहिरीच्या कामावर एक पोकलेन होतं. खंडेनवमीला ते प्रेशर पंपानं धुतलं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. नंतरच्या आठवड्यात रोज दुपारी ते रुसायला लागलं. इंजिन चालू असायचं, पण पॅनेलवर इंजिनच्या फेऱ्या शून्य दिसायच्या. रेस उतरायची आणि बकेट जेमतेम हलायची. तासभर थांबलं की पुन्हा ठीक. कंपनीचा माणूस सकाळी दहाला आला, लॅपटॉप लावला. साठवलेला कोड होता : इंजिनच्या कंट्रोलरकडून माहिती येत नाही. ‘कंट्रोलर गरम झाला की मरतोय, बदला,’ असं सांगून तो गेला. खर्च दोन लाखांच्या घरात. मालकाचा भलताच संशय. सकाळी नीट चालणारं यंत्र दुपारीच कसं बंद पडतं? ऑपरेटर झारखंडचा, गावी जायची सुट्टी नाकारलेली. मुद्दाम करत असणार. त्याचे पाच दिवसांचे पैसे मालकानं कापले.

इथे थोडं थांबून हा कोड म्हणजे काय ते पाहायला हवं.

पूर्वी प्रत्येक सेन्सरची वायर वेगळी ओढत. वायरींचा गुंता वाढत चालला तेव्हा जर्मनीतल्या बॉश कंपनीनं 1983 मध्ये एका सामायिक मार्गावर काम सुरू केलं आणि फेब्रुवारी 1986 मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात तो जाहीर केला. त्याचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, गॅरेजच्या भाषेत ‘कॅन’. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी आणि त्यांना जागोजागी जोडलेले कंट्रोलर : इंजिनचा, हायड्रॉलिक पंपाचा, पॅनेलचा. सगळे त्याच जोडीवर बोलतात, सगळे ऐकतात. अवजड यंत्रांत यावर बहुधा जे-1939 नावाची बोली चालते, तिचा नेहमीचा वेग सेकंदाला अडीच लाख बिट.

कुणी बोलत नसतं तेव्हा दोन्ही वायरींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. बोलताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. ऐकणारा फक्त दोघींमधला फरक बघतो. डायनॅमो किंवा स्टार्टरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडतो, म्हणून फरकातून तो बाद होतो. पीळ त्यासाठीच. तुटलेली वायर जोडताना हा पीळ उलगडून टाकणारे बरेच जण मी पाहिलेत.

आता टोकांचं. विहिरीत दगड टाकला की लाट काठावर आपटून मागे फिरते. वायरीच्या मोकळ्या टोकावरून संदेशही तसाच परततो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. ती लाट गिळायला दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध लावतात. दोन रोध समांतर, म्हणून यंत्र बंद ठेवून या जोडीत मीटर लावला की 60 ओहम दिसले पाहिजेत. 120 दिसले तर एक टोक हरवलं आहे. शून्याच्या आसपास दिसले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. 40 दिसले तर कुणीतरी तिसरा रोध घुसडलाय. दुसऱ्या यंत्राचा भाग आणून बसवला की असं होतं.

आणि कोड? कोड लिहिणारा असतो ऐकणारा. पॅनेलला ठरल्या वेळेत इंजिनचा आवाज आला नाही, एवढीच त्याची साक्ष. इंजिनचा कंट्रोलर मेला, की त्याचा आवाज वाटेत अडला, हे पॅनेलला कळायला मार्ग नाही. कंपनीच्या माणसानं साक्षीदाराचं म्हणणं निकाल म्हणून वाचलं.

आमच्या मिस्त्रींनी पहिली अट घातली : ‘शेठ, सकाळी बघून उपयोग नाही. आजारी असताना तपासू.’ दुपारी दोनला यंत्र रुसलं. इंजिन बंद, बॅटरीचा मेन कटआउट बंद. चालू वीज असताना ओहम मोजले तर आकडा खोटा येतो. केबिनमधल्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये सी आणि डी या पिनांना मीटर लावला. 119.

इथेच खरं तर उत्तर मिळालं. या यंत्रात टोकाचा रोध कंट्रोलरच्या बाहेर, वायरीवर वेगळा होता. गरम होऊन कंट्रोलर मेला असता, तर तो मेल्यावरही मीटरनं साठच दाखवले असते. 119 याचा अर्थ इंजिनकडच्या टोकापर्यंतची वाटच तुटलेली. (काही यंत्रांत रोध कंट्रोलरच्या पोटात असतो, तिथे हा तर्क एवढा सरळ चालत नाही.)

मग मिस्त्री मीटर तसाच लावून वायरींचा जुडगा हातानं हलवत निघाले. मी आकडा वाचत होतो. केबिनची आणि इंजिनची वायरिंग जिथे जुळते त्या कनेक्टरला हात लागला आणि आकडा 119 वरून 60 वर आला, पुन्हा 119. कनेक्टर उघडला. रबरी सील एका बाजूला दुमडलेलं, आत हिरवा थर, एक पिन खाऊन बारीक झालेली. इंजिनच्या उष्णतेनं ती दुपारी सुटायची, थंड झाली की टेकायची. हे एका धुण्याचं काम नव्हतं. दोन-तीन दसऱ्यांचं पाणी होतं ते. शिवाय शेजारच्या वायरीच्या आवरणावर सुईचं भोक. मागे कुणीतरी वीज तपासायला टोचलेलं, म्हणजे पाण्याला आणखी एक दार.

नवी पिन आणि नवं सील, खर्च शंभराच्या आत. मजुरी हजार. यंत्र तापू दिलं, साडेपाचला पुन्हा मोजलं : 60. चावी दिल्यावर एका वायरीवर अडीचच्या किंचित वर, दुसरीवर किंचित खाली. मीटर सरासरीच दाखवतो, पण एवढं पुरे होतं. तरीही मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत पैसे घेतले नाहीत.

दोन वाजून गेले. बकेट विहिरीतून दगड घेऊन वर आली. मालक ऑपरेटरला काही बोलले नाहीत. मिस्त्रींच्या हातात नोटा मोजताना त्यांनी पाच दिवसांचे पैसे वेगळे काढले आणि ‘त्याला द्या’ म्हणाले. मिस्त्रींनी ते घेतले नाहीत. ‘तुम्हीच द्या, शेठ.’ मालक थोडा वेळ उभे राहिले, मग बांधावरून यंत्राकडे चालू लागले.