वसतिगृह हा उपचार नव्हे

नववीतला मुलगा शाळा बुडवतो, घरी उलट बोलतो, रात्रभर मोबाइल सोडत नाही. गुटख्याची सवय लागल्याचाही संशय येतो. मग घरात एकच उपाय पुढे येतो, ‘याला हॉस्टेलला टाका, आपोआप सरळ होईल!’ महाड-पोलादपूर परिसरात मुलांना वसतिगृहात ठेवणे नवे नाही. वाडीवस्तीवरच्या अनेकांचे शिक्षण त्यामुळेच झाले. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागते आणि त्यापुढे निवासी शाळांसाठी प्रसिद्ध असलेले पाचगणी. शिकण्यासाठी निवासी शाळा चांगलीच. पण बिघडलेले वागणे दुरुस्त करण्यासाठी मुलाला घराबाहेर पाठवताना थोडे थांबून विचार करायला हवा.

२००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटातील निवासी शाळेचे चित्रीकरण पाचगणीतच झाले होते. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला शिस्त लागावी म्हणून तिथे पाठवले जाते आणि तो अधिकच मिटून जातो. त्याची खरी अडचण आळस नसून डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातील अक्षमता असते. ती ओळखून वेगळ्या पद्धतीने शिकवल्यावरच तो सावरतो. ही गोष्ट चित्रपटातली असली तरी असा गैरसमज घरोघरी होत असतो.

‘उपचारात्मक’ शाळा म्हणजे काय?

अमेरिकेत अशा किशोरवयीन मुलांसाठी उपचारात्मक निवासी शाळा चालतात. चांगल्या शाळेत मुलाची आधी तपासणी होते. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आराखडा तयार करतात. शिक्षण आणि समुपदेशन एकाच छताखाली होते, आईवडिलांनाही नियमित सत्रांना बसवले जाते आणि मूल घरी परतेल तेव्हा काय करायचे, याची तयारी पहिल्यापासून होते.

या व्यवसायाची दुसरी बाजूही तिथेच उघड झाली. सुधारणेच्या नावाखाली मुलांना कोंडणे, बांधून ठेवणे, घरच्यांशी बोलू न देणे असे प्रकार घडले. जून २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने मुलांच्या निवासी उपचार केंद्रांवर कडक टीका करणारा अहवाल दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्थांमधील बालछळ रोखण्यासाठी कायदा झाला. मुलाला घरापासून दूर नेल्याने तो आपोआप बरा होत नाही. उपयोग होतो तो तपासणीचा, स्वतंत्र आराखड्याचा आणि कुटुंबाच्या सहभागाचा.

वागण्यामागचे कारण शोधा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार. या वयातले नैराश्य नेहमी रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, अंगावर धावून जाणे, शाळा टाळणे, झोप बिघडणे अशा रूपांत ते समोर येते. कधी मुळाशी अध्ययन अक्षमता असते, कधी अतिचंचलता, कधी व्यसन, तर कधी कोणाकडून झालेला छळ किंवा लैंगिक अत्याचार. दृष्टिदोष, कमी ऐकू येणे, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार यांमुळेही मूल वर्गात मागे पडते. म्हणून सुरुवात साध्या शारीरिक तपासणीपासून व्हावी.

या भागाला स्वतःची काही कारणेही आहेत. अनेक घरांत वडील मुंबईत नोकरीला आणि मुले गावी आजी-आजोबांकडे असतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जण दगावले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास महाड शहर पुराखाली होते. तेव्हा चौथी-पाचवीत असलेली मुले आज हायस्कूलच्या वरच्या वर्गांत आहेत. मोठ्या पावसाच्या रात्री झोप न लागणे, दचकणे, कारण नसताना भडकणे या गोष्टी त्या आघाताच्या खुणा असू शकतात. अशा मुलाला घरच्यांपासून तोडले तर भीती वाढण्याचीच शक्यता अधिक.

आराखडा गावातही करता येतो

समजा, वडील मुंबईत आहेत आणि आजीकडे राहणारा मुलगा शाळेत जाईनासा झाला आहे. तपासणीत वाचनाची अडचण आणि सौम्य नैराश्य आढळले. त्याचा आराखडा साधाच असेल. वडिलांनी रोज ठरलेल्या वेळी फोन करायचा, आणि तो गुणांची चौकशी करण्यासाठी नव्हे. शाळेतल्या एका शिक्षकाने त्याची जबाबदारी घ्यायची. धडे वाचून दाखवायचे, तोंडी उत्तरे स्वीकारायची. रात्री मोबाइल आजीच्या खोलीत. दर आठवड्याला समुपदेशन आणि महिन्याने डॉक्टरांकडे फेरतपासणी. अध्ययन अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

सुरुवात महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून करता येते. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून ‘मैत्री’ क्लिनिक चालवली जातात. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पोलादपूरपासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. दरवेळी तिथवर जाणे जमत नसेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

निवासी उपचार कधी?

मुलाच्या जिवाला धोका असेल, भास होत असतील, व्यसन सुटताना गंभीर त्रास होत असेल, तर रुग्णालयात दाखल करावेच लागते. घरच असुरक्षित असेल तर बालकल्याण समितीमार्फत मुलाच्या निवाऱ्याची व्यवस्था होते. त्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन मुलाला केवळ अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते. त्याआधी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज असल्याचे सांगावे लागते. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते, जवळच्या माणसाने सोबत राहावे लागते आणि ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य मंडळाला कळवावे लागते. मनोरुग्णांना उपचारासाठी ठेवून घेणाऱ्या संस्थेची नोंदणीही बंधनकारक आहे.

त्यामुळे ‘मुले सुधारून देतो’ अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेला पालकांनी पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे? तपासणी करणारे तज्ज्ञ कोण आणि ते किती दिवसांनी येतात? माझ्या मुलाचा स्वतंत्र आराखडा लेखी मिळेल का? त्याच्याशी एकांतात, हवे तेव्हा बोलता येईल का? नियम मोडला तर काय शिक्षा करता? ‘पहिले तीन महिने भेट नाही’ किंवा ‘थोडा मार द्यावाच लागतो’ असे उत्तर आले, तर मुलाला घेऊन परत फिरावे.

मूल मरणाची भाषा बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल, तर ‘नाटक करतोय’ म्हणू नये. त्याला एकटे सोडू नये. फवारणीची औषधे आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाकीच्या मुलांच्या बाबतीत वेळ असतो. जूनमधल्या प्रवेशाची घाई करण्यापूर्वी एक तपासणी करून घ्यावी आणि मुलाला एक प्रश्न शांतपणे विचारावा, ‘तुला नेमका कशाचा त्रास होतोय?’ उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.